नावेत झोपलेला देव

"टीचर, येशू देव आहे ना? मग तो नावेत झोपला होता तेव्हा जग कोण सांभाळत होतं?"

प्रश्न विचारणारी मुलगी बारा वर्षांची आहे. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातला, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या जीवनकथेतला, चौथा अध्याय सांगत होते. वादळ, लाटा, घाबरलेले शिष्य. मुलं वादळात रमली होती, ही मात्र झोपेपाशी थांबली होती. मी तिला म्हटलं, "पुढच्या रविवारी सांगते." उत्तर अजिबात येत नव्हतं असं नाही. पण त्या झोपेशी माझं स्वतःचं एक जुनं प्रकरण आहे, आणि ते बाजूला ठेवून मला बोलता आलं नसतं.

मी सत्तावीस वर्षं नर्स होते. बहुतेक काळ रात्रपाळी. एका पहाटे चारच्या सुमाराला मी खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी घेतली. दहा मिनिटं असेल, फार तर पंधरा. डोळे उघडले तेव्हा सहा नंबरच्या खाटेवरचे आजोबा गेले होते. डॉक्टर म्हणाले, तू जागी असतीस तरी काही फरक पडला नसता, ते जाणारच होते. हे खरं होतं, मलाही ठाऊक होतं. पण संध्याकाळी त्यांनी मला विचारलं होतं, "रात्री इथंच आहेस ना?" आणि मी "हो" म्हटलं होतं.

त्यानंतर कित्येक वर्षं बायबलमधलं एकशे एकविसावं स्तोत्र मला म्हणता येत नसे. लहानपणापासून पाठ असलेलं, आजारी माणसाच्या उशाशी हमखास म्हटलं जाणारं ते स्तोत्र. त्यात आहे की इस्राएलाचा रक्षक, म्हणजे देव, डुलकी घेत नाही आणि झोपतही नाही. ज्या ओळीने इतरांना धीर येतो, ती मला आरोपासारखी ऐकू यायची. तो झोपत नाही. मी झोपले. त्याच्यात आणि माझ्यात केवढं हे अंतर.

आता मार्क काय सांगतो ते पाहा. येशू दिवसभर नावेतून लोकांना शिकवत होता. संध्याकाळ झाल्यावर म्हणाला, पलीकडे जाऊ या. शिष्यांनी तो होता तसाच त्याला नावेतून नेलं. "होता तसाच" हे शब्द मार्कचे आहेत, आणि दमलेल्या माणसाला ओळखणाऱ्या कुणालाही ते कळतील. गालीलचं सरोवर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरहून अधिक खोल आहे, भोवती डोंगर आहेत, तिथे वारा एकाएकी उतरतो. १९८६ साली त्याच्या काठच्या चिखलात पहिल्या शतकातली एक मासेमारीची नाव सापडली. लांबी आठ मीटरच्या थोडी वर, रुंदी सुमारे सव्वादोन. तेवढ्या लाकडात पाणी भरतंय, आणि हा मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपला आहे. मत्तय आणि लूक यांची शुभवर्तमानंही हीच गोष्ट सांगतात, पण उशीचा उल्लेख फक्त मार्क करतो. मला ती उशी फार महत्त्वाची वाटते. झोपेचं सोंग घेणाऱ्याला उशी लागत नाही.

शिष्य त्याला उठवतात ते चिडून: गुरुजी, आम्ही बुडतोय, तुम्हाला काहीच वाटत नाही का? तो उठतो, वाऱ्याला दटावतो, पाण्याला गप्प राहायला सांगतो. सगळं निवांत होतं. आणि मार्क लिहितो की शिष्य अतिशय घाबरले ते तेव्हा, वादळ शमल्यावर. कारण ते यहुदी होते, स्तोत्रं त्यांनाही पाठ होती. वादळ शांत करून लाटा निमूट करणारा कोण, हे एकशे सातव्या स्तोत्रात त्यांनी शेकडो वेळा म्हटलं होतं. तो परमेश्वर. आणि इथे तर ज्याला त्यांनी आताच खांदा हलवून जागं केलं तो माणूस! "हा आहे तरी कोण?" असं ते एकमेकांना विचारू लागले.

आम्हा ख्रिस्ती लोकांची सगळी श्रद्धा या एका प्रश्नाचं उत्तर आहे. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

हे उत्तर द्यायला त्या लोकांना किती जड गेलं असेल याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. "हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच आहे" हे रोज म्हणणारी ती माणसं. दुसऱ्या कशापुढे गुडघा टेकण्यापेक्षा मरण पत्करणारी. यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथात परमेश्वर म्हणतो, प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल. आणि येशू क्रूसावर मेल्याला तीसेक वर्षं होण्याच्या आत येशूचा प्रेषित पौल फिलिप्पै गावातल्या ख्रिस्ती लोकांना तेच शब्द येशूबद्दल लिहितो: त्याच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकावा. पौलाने देव एकच आहे हे सोडलेलं नाही. ते घट्ट धरूनच तो हे म्हणतो.

म्हणून आम्ही तीन देव मानतो का, या प्रश्नाचं उत्तर सरळ "नाही" असं आहे. देव एकच. तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आहे. याला आम्ही त्रैक्य म्हणतो. पूर्वी मी मुलांना पाणी, बर्फ आणि वाफ यांचं उदाहरण देत असे. आता देत नाही, कारण ते चुकीचं आहे. तेच पाणी आधी बर्फ असतं, मग वाफ होतं. देव मात्र असे वेश बदलत नाही. मार्कच्या पहिल्याच अध्यायात यार्देन नदीवर पाहा: पुत्र पाण्यातून वर येतो आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे आणि पित्याचा आवाज येतो आहे, "तू माझा प्रिय पुत्र." तिघंही एकाच वेळी. योहान आपल्या पत्रात म्हणतो, देव प्रीती आहे. जग निर्माण करण्याआधी प्रीती करायला कुणी नव्हतं, मग आम्हाला घडवल्यावर देव प्रीती करायला शिकला, असं नाही. पिता पुत्रावर आधीपासूनच प्रीती करत होता. आपण तिच्यात नंतर सामील झालो.

चौथ्या शतकात इजिप्तमधल्या आलेक्सांद्रियात आरियस नावाचा धर्मगुरू होता. तो म्हणू लागला की पुत्र फार थोर आहे, सगळ्या सृष्टीच्या आधीचा आहे, पण तोही निर्माण केलेलाच. तो नव्हता असा एक काळ होता. ऐकायला हे सोपं वाटतं, देवाचा मान राखणारंही वाटतं. देवाने कसं दमायचं, कसं झोपायचं, कसं मरायचं? ते त्या खालच्याने करावं. ३२५ साली निकेआ या शहरात बिशप जमले आणि त्यांनी हे नाकारलं. पुत्र पित्यापासून जन्मलेला आहे, घडवलेला नाही, पिता जे आहे तेच तो आहे, असं त्यांनी लिहिलं. तिथे आलेक्सांद्रियाच्या बिशपबरोबर अथानासियस नावाचा एक तरुण उपधर्मगुरू होता. पुढे तो स्वतः बिशप झाला आणि या एका गोष्टीपायी पाच वेळा हद्दपार झाला. सगळी मिळून सतरा वर्षं घराबाहेर काढली त्याने.

एवढं कशासाठी, असं मला एके काळी वाटायचं. शब्दांचा कीस वाटायचा. आता वाटत नाही. आरियस बरोबर असता तर त्या नावेत झोपलेला कुणी तरी दूत असता, आणि खरा देव वर, कधीही न झोपणारा, आपल्याकडे लांबून पाहणारा. मग सहा नंबरच्या खाटेशेजारच्या त्या खुर्चीबद्दल त्याला काय माहीत? ऐकीव माहिती. येशू आपल्या शिष्याला, फिलिप्पाला म्हणाला, ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं. येशूच्या पाठीमागे वेगळ्या चेहऱ्याचा, अधिक कडक असा दुसरा देव लपलेला नाही. मी वर्षानुवर्षं तसा एक देव मनात धरून होते, आणि येशूला त्याच्यापासून मला वाचवणारा समजत होते.

नाझियांझसचा ग्रेगरी या बिशपने त्याच शतकात लिहिलं की देवपुत्राने आपलं जे धारण केलं नाही, ते बरंही झालं नाही. त्याला म्हणायचं होतं की येशूला आपल्यासारखं मनही होतं, देह म्हणजे नुसता अंगरखा नव्हता. मी नर्स आहे, मला हे वाक्य अंगाच्या भाषेत कळतं. भूक त्याने धारण केली. विहिरीपाशी बसायला लावणारा थकवा धारण केला. लाजर या मित्राच्या थडग्यापाशी आलेलं रडू धारण केलं. आणि दिवसभराच्या श्रमाने जडावलेल्या पापण्या, त्याही.

आता त्या मुलीचं उत्तर. पुढच्या रविवारी मी तिला सांगितलं ते असं. ४५१ साली खल्केदोनला भरलेल्या बिशपांच्या सभेत सांगितलं गेलं की येशू पूर्ण देव आहे आणि पूर्ण माणूस आहे, अर्धा-अर्धा नाही. दोन्ही एकमेकांत कालवून तिसरंच काही झालेलं नाही, आणि दोन्ही तोडून दोन येशूही होत नाहीत. म्हणून माणूस म्हणून तो खरोखर झोपला होता, आणि देव म्हणून तोच, पिता आणि आत्मा यांच्यासह, ते सरोवर, तो वारा, त्या नावेचं लाकूड अस्तित्वात धरून होता. अथानासियसही हेच म्हणतो: देहात असताना तो देहात कोंडला गेला नव्हता. जगाला त्या रात्री रखवालदार होता. आणि तो रखवालदार दमलाही होता. तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे दोन्ही." हो, दोन्ही.

वर्गात सांगितलं नाही ते इथे लिहिते. नावेत शिष्य जागे होते आणि येशू झोपला होता. मार्कच्या चौदाव्या अध्यायात याच्या नेमकं उलट आहे. गेथसेमाने बागेत येशू जागा आहे, मरणाएवढा खिन्न, पित्याला "अब्बा", म्हणजे बाबा, म्हणून हाक मारत, आणि ज्यांना त्याने जागं राहायला सांगितलं होतं ते झोपले आहेत. "तासभरही जागं राहता आलं नाही?" हा प्रश्न तो पेत्र या शिष्याला विचारतो. मी तो प्रश्न अनेक वर्षं स्वतःला विचारला जातोय असा ऐकला. पण पुढचं वाक्य माझ्या कानावरून निसटत होतं: आत्मा उत्सुक आहे, पण देह दुबळा आहे. तो त्यांची बाजू घेतो. त्याला माहीत आहे, कारण तो स्वतः उशीवर डोकं ठेवून झोपलेला आहे. आणि त्यांच्या वाटची रात्र तो एकटा जागून काढतो, तिथून क्रूसापर्यंत जातो, आणि तिथे "माझ्या देवा, तू मला का सोडलंस" असं ओरडून मरतो. सगळ्यांनी सोडून दिल्यावरही एकटं राहणं म्हणजे काय, हेही मग देवाला ऐकीव राहिलं नाही.

तिसऱ्या दिवसाबद्दल मी थोडंच लिहीन, कारण ते समजावण्यापेक्षा जाहीर करण्याची गोष्ट आहे. थडग्यातला तरुण स्त्रियांना सांगतो, तो उठला आहे. मराठीत झोपेतूनही "उठतात" आणि मेलेला जिवंत झाला तरी "उठला" म्हणतात. मार्कच्या ग्रीकमध्येही तसंच आहे. शिष्य नावेत येशूला उठवतात तिथे जे क्रियापद आहे, तेच थडग्यापाशी आहे. आणि मधे, पाचव्या अध्यायात, याईर नावाच्या माणसाच्या मेलेल्या मुलीचा हात धरून येशू म्हणतो, "मुली, ऊठ", तिथेही तेच. ती मुलगी बारा वर्षांची होती. आईबाप थक्क होऊन उभे आहेत आणि येशू सांगतो, हिला काही खायला द्या. असं बोलणारा माणूस रुग्णाजवळ बसलेला असतो.

सहा नंबरच्या आजोबांचं नाव मी अजून रोज प्रार्थनेत घेते. पूर्वी माफी मागण्यासाठी घेत असे. आता ज्याच्या हाकेने ते उठतील, त्याला त्यांची आठवण करून देते, आणि मग एकशे एकविसावं स्तोत्र म्हणते. सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत.