पाठकोरे कागद

ऑक्सफर्डला येऊन मला सोळा वर्षं झाली. वुल्व्हरकोटची दफनभूमी माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे, तरी गेल्या सप्टेंबरापर्यंत मी तिच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. स्मशानाकडे उगाच फिरकू नये, असं लहानपणापासून ऐकलेलं. त्या रविवारी सकाळी मी भाजी घेऊन परतत होते, तर बँबरी रोडवरून लांब झगे घातलेली माणसं घोळक्याने चालली होती. कुणाच्या हातात फुलं होती, तर एका वयस्कर गृहस्थांच्या डोक्यावर पानांचा मुकुट होता. चेहरे मात्र वारीतल्या माणसांसारखे, पोचायचं ठिकाण ठाऊक असलेले. मी पिशव्या सावरत त्यांच्या मागोमाग आत गेले.

टॉल्किनचे वाचक होते ते. टॉल्किन कोण हे तुम्हाला सांगायला नको, त्यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ कादंबरीवरचे सिनेमे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. त्यांच्या वाचकांची एक संस्था १९६९ पासून आहे आणि १९७४ पासून दर सप्टेंबरात ऑक्सफर्डला त्यांचा मेळा भरतो. त्यात निबंध वाचतात, वाद घालतात, गाणी म्हणतात आणि शेवटच्या दिवशी इथे येतात. आत जागोजागी टॉल्किनच्या नावाच्या छोट्या पाट्या होत्या, त्यामुळे वाट विचारावी लागत नाही. थडगं अगदी साधं आहे. करड्या ग्रॅनाइटचा दगड, त्यावर आधी पत्नी ईडिथचं नाव, मग त्यांचं. तिच्या नावाखाली ‘लूथिएन’ आणि त्यांच्या नावाखाली ‘बेरेन’ असं कोरलंय. त्यांनी स्वतः रचलेल्या प्रेमकथेतली ही जोडी. १९७१ साली ती गेली, १९७३ साली ते. समोरच्या मातीत गुलाब लावलाय आणि लोकांनी पेनं खोचून ठेवलीत. साधी, निळी, दहा-वीस रुपयांत मिळतात तसली पेनं.

पुष्पचक्र वाहिलं. एकाने त्यांनीच घडवलेल्या भाषेतली कविता म्हटली. एक अक्षर कळलं नाही, पण मला लहानपणी देवळात ऐकलेली पुरुषसूक्ताची आवर्तनं आठवली. तीही कुठे कळायची!

माझ्या शेजारी लीड्सहून आलेल्या एक बाई होत्या, सत्तरीच्या. माझ्या पिशवीतून मेथी डोकावत होती, तिच्याकडे बघून हसल्या आणि बोलायला लागल्या. बोलता बोलता म्हणाल्या, युद्धाच्या काळात कागद मिळत नव्हता, तेव्हा टॉल्किननी त्या कादंबरीचे खर्डे मुलांच्या परीक्षेच्या पेपरांमागे लिहिले. आणि ‘हॉबिट’ ह्या त्यांच्या आधीच्या पुस्तकाचं पहिलं वाक्यही पेपर तपासताना एका उत्तरपत्रिकेतल्या कोऱ्या पानावर सुचलं.

माझ्या तोंडून मराठीतच निघून गेलं, “पाठकोरे!”

माझे आजोबा, आईचे वडील, त्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणायचो. ते वाईला विश्वकोशाची मुद्रितं तपासायचे. दुरुस्त्या करून झालेली मुद्रितं रद्दीत जायच्या आधी ते मागून घ्यायचे. एका बाजूला ‘कीटक’ किंवा ‘क्षारता’ अशी कुठली तरी अर्धवट नोंद, लाल शाईच्या खुणांसकट. दुसऱ्या बाजूला, बोरूसारख्या जाड निबाच्या पेनाने, आमच्यासाठी गोष्ट. कृष्णेच्या डोहाखाली एक राज्य आहे, तिथे पाऊस खालून वर पडतो, राजा मगरीवर बसून न्यायनिवाडा करतो. मेच्या सुट्टीत घाटावर बसून आम्ही नातवंडं ती ऐकायचो. कागदांना भोकं पाडून, सुतळीने बांधून त्यांनी अकरा बाडं केली होती.

ती बाडं आता नाहीत. २०११ साली अण्णा गेले, पुढच्या पावसाळ्यात वाडा पाडायचा ठरला आणि आईचा फोन आला, “ह्यांचं काय करू गं?” माझी लेक तेव्हा सहा महिन्यांची होती, रात्र रात्र रडायची. मी म्हटलं, फोटो काढून ठेव आणि दे. फोटो काढायचे राहून गेले.

म्हणून ह्या लोकांचं कागद सांभाळणं बघून मला आत काहीतरी टोचतं. गेल्या काही वर्षांत काय काय झालंय बघा. २०१८ मध्ये इथल्या बॉडलियन ग्रंथालयात त्यांच्या कागदांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्याच ग्रंथालयाने २०१६ साली मध्य-पृथ्वीचा, म्हणजे त्यांच्या कथांमधल्या जगाचा, एक नकाशा मिळवला, चित्रकार पॉलीन बेन्स ह्यांच्या प्रतीत सापडलेला. त्यावर टॉल्किनच्या हातच्या टिपा आहेत. हॉबिटांचं गाव साधारण ऑक्सफर्डच्या अक्षांशावर धरावं, अशी त्यातली एक. २०२३ मध्ये पत्रांचा वाढीव संग्रह आला. २०२४ च्या सप्टेंबरात समग्र कविता, तीन खंड, १५०० हून जास्त पानं. वेन हॅमंड आणि क्रिस्टिना स्कल ह्या नवरा-बायकोने संपादन केलंय. कवितेचा पहिला खर्डा, मग दुसरा, मग दहा वर्षांनी बदललेली ओळ, सगळं शेजारी शेजारी. २०२५ च्या ऑक्टोबरात तर ऑक्सफर्डच्या मोटारींवर त्यांनी लिहिलेली उपहासकथा निघाली. त्या कथेतल्या शहराचं नाव बोव्हेडियम, म्हणजे ऑक्सफर्डचंच लॅटिन, बैलांचा उतार. आमची बस बँबरी रोडवर अर्धा अर्धा तास अडकते तेव्हा मला ती आठवते.

आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी टॉल्किनचा एक मुलगा आहे. क्रिस्टोफर. स्वतः ऑक्सफर्डमध्ये शिकवत होता. वडील गेल्यावर १९७५ साली नोकरी सोडली आणि वडिलांचे कागद लावायला बसला. १९७७ मध्ये पहिलं मोठं पुस्तक लावून दिलं, मग १९८३ ते १९९६ बारा खंड. पेन्सिलीने लिहिलेलं, वरून शाईने गिरवलेलं, कुठे तारीख नाही, पात्रांची नावं दर पानावर बदललेली. असे कागद. २०२० मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी वारले, तोवर हेच केलं. ह्या मुलाबद्दल वाचताना मला रडू येतं, खरंच. बाप कितीही मोठा असला तरी मागे असं कुणी बसलं नसतं तर आज ह्या बाई लीड्सहून आल्या असत्या का?

आता आपली बाजूही मांडते. आपल्याकडे जपत नाहीत, असं इथली मराठी मंडळी गणपतीच्या जेवणात सर्रास म्हणतात, ते मला मान्य नाही. वाईच्या पावसात चार महिने भिंतींना ओल असते. पुस्तकांच्या कपाटात वाळवी कधी शिरली कळत नाही, कडुनिंबाचा पाला ठेवूनसुद्धा. अण्णांच्या अकरातली तीन बाडं तर त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. इथे ग्रंथालयात तापमान आणि हवेतला ओलावा बारा महिने राखतात. त्याला पैसा लागतो आणि टॉल्किनच्या पुस्तकांनी तो मिळवलाही. शिवाय त्यांनी स्वतः काय केलं? कादंबरीची हस्तलिखितं अमेरिकेतल्या मार्केट (Marquette) विद्यापीठाला १५०० पौंडांत विकली, १९५७ च्या सुमारास. मग दर वेळी आपल्यालाच का बोल लावायचा?

आणि आपल्याकडे कागदावाचून काही अडलंही नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, अभंग लोकांच्या तोंडी राहिले. कुसुमाग्रजांचा वाढदिवस आपण भाषेचा दिवस म्हणून पाळतो, इंग्रजांनी कुठल्या लेखकाला एवढा मान दिलाय? टॉल्किनच्या कविता आल्या त्यानंतर तीनच आठवड्यांनी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते. पेढे म्हणजे काय हे सांगण्यात दुपार गेली.

थडग्याचं म्हणाल तर आपल्याला ते नसतंच. अण्णांच्या अस्थी कृष्णेत सोडल्या, गणपती घाटाच्या थोडं खाली, त्यांचं राज्य जिथे होतं साधारण तिथेच. तिथे पेन कुठे खोचणार?

पण एक गोष्ट राहून राहून मनात येते. विद्यापीठात प्राध्यापक होण्याआधी, १९१९-२० मध्ये, टॉल्किन ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात नोकरीला होते. डब्ल्यूपासून सुरू होणारे शब्द त्यांच्याकडे असायचे. ‘वॉलरस’ ह्या एका शब्दाची व्युत्पत्ती त्यांनी पुन्हा पुन्हा लिहून काढली होती आणि कोशाच्या संपादकांना ती टिपणं नंतर सापडली. एका कनिष्ठ सहायकाची टिपणं. तो पुढे कोण होणार हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी ती राहिली.

मी हे सगळं त्या बाईंना सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की माझे आजोबाही कोशात काम करायचे, पाठकोऱ्या कागदांवर लिहायचे आणि डोहाखालच्या एका राज्याच्या गोष्टी सांगायचे. त्यांनी लगेच पर्समधून वही काढली, कॉलेजच्या मुलीसारखी. विचारलं, राज्याचं नाव काय? मी म्हटलं, नितळपूर. तुमच्या लिपीत लिहा, म्हणाल्या. टॉल्किनच्या थडग्यापासून दहा पावलांवर, भाजीच्या पिशव्या गवतावर ठेवून, मी त्यांच्या वहीत देवनागरीत लिहिलं. पूरचा ‘पू’ लिहिताना हात थांबला. अण्णा ह्रस्व-दीर्घाच्या बाबतीत फार कडक. जुन्या वळणाचे होते, ‘पुर’ लिहायचे की ‘पूर’? दीर्घ लिहिला. बाईंनी त्याखाली इंग्रजीत उच्चार लिहिला, तारीख घातली आणि वही जपून ठेवली.

घरी येऊन मेथी निवडता निवडता आईला फोन लावला. वाईला संध्याकाळ झाली होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

“आई, अण्णांच्या त्या राज्याचं नाव नितळपूर, ना?”

“नितळ कुठलं? निथळपूर. खालून वर पाऊस पडायचा ना तिथं, म्हणून. सगळं निथळत असायचं.”

“नाही गं आई, नितळच. मी घाटावर बसून ऐकलंय.”

“तू पाच वर्षांची होतीस. मी ते कागद शिवलेत.” मग जरा थांबून म्हणाली, “मामाला विचारते. त्याच्याकडे अजून काय काय पडलंय माळ्यावर, बघायला सांगते.”

मामाचा अजून फोन आलेला नाही. मी एक वही केली आहे. पहिल्या पानावर दोन्ही नावं लिहिलीत, एकाखाली एक, आणि निथळपूरच्या पुढे आईचं नाव घातलंय.