न दिसणारा धूर

माझे वडील रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते. इंजिनाची तब्येत ते धुरावरून सांगायचे. काळा धूर म्हणजे नोझल बिघडलं, निळा म्हणजे ऑईल जळतंय. ती सवय मलाही लागली आहे. एलएनजीवर, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूवर, चालणाऱ्या नव्या क्रूझ जहाजाच्या सी ट्रायलसाठी, म्हणजे समुद्रातल्या चाचणीसाठी, आम्ही बाल्टिक समुद्रात होतो, तेव्हा सकाळी उठल्याउठल्या मी वर जाऊन फनेलकडे, म्हणजे जहाजाच्या धुराड्याकडे, पाहिलं. इंजिनं चालू होती आणि वर फक्त हवा थरथरत होती. जड तेलावरच्या जहाजांवर मी उमेदवारी केली आहे. तिथे डेकवरची काजळी रोज धुवावी लागे. आपण काहीतरी चांगलं बांधलं आहे, असं त्या सकाळी मनापासून वाटलं.

दुपारी माझं काम सुरू झालं. एक्झॉस्टच्या नळीत प्रोब घालून, न जळता बाहेर जाणारा मिथेन मोजायचा होता. एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेनच, उणे 162 अंशांना थंड करून द्रवरूप केलेला. तो जळला तर डिझेलपेक्षा कार्बन डायऑक्साइड कमी, गंधक जवळपास नाहीच. पण पिस्टन रिंगच्या वरच्या फटीत थोडा गॅस अडकतो, तिथे ज्वाळा पोचत नाही, आणि तो तसाच बाहेर पडतो. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. युरोपात 2025 पासून लागू झालेल्या नियमात या जातीच्या इंजिनांसाठी 3.1 टक्के गॅस निसटतो असंच धरून हिशेब होतो.

इंजिनावर 75 टक्के लोड, म्हणजे भार, असताना आकडे आमच्या अंदाजाच्या आत होते. मग आम्ही बंदरात उभ्या असलेल्या जहाजाची स्थिती घेतली. प्रॉपेलर थांबलेले, पण एसी, लाँड्री, गॅली, हजारो केबिनमधलं गरम पाणी, हे सगळं चालूच. दोन इंजिनं, प्रत्येकी 35 टक्क्यांवर. कमी लोडवर मिश्रण विरळ होतं, ज्वलन अर्धवट राहतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण स्क्रीनवरचा आकडा काही पटींनी चढलेला पाहून मी आधी मोजणाऱ्या यंत्रावरच, अ‍ॅनालायझरवरच, संशय घेतला. कॅलिब्रेशन पुन्हा केलं. आकडा तोच. बाहेर येऊन वर पाहिलं, तर आभाळ सकाळइतकंच स्वच्छ. वडिलांनी हे फनेल पाहिलं असतं तर इंजिनाला शाबासकी दिली असती.

चीफ इंजिनिअरना विचारलं, "एकाच इंजिनावर भागत असताना दोन का?"

"ते एक बंद पडलं तर अख्खं जहाज अंधारात. प्रवासी असताना मी तो धोका घेणार नाही." त्यांचं चूक नव्हतं. पण ट्रायलवर प्रवासी नव्हते. तासभर नांगरावर, सगळ्यांना आधी कळवून, त्यांनी दुसरं इंजिन थांबवलं. उरलेलं 70 टक्क्यांवर गेलं आणि मिथेन सरळ खाली आला. जहाज तेच, वीज तेवढीच, गॅसही तोच. चीफ बराच वेळ माझ्या शेजारी उभे राहून तो आकडा बघत होते.

दुसरं इंजिन चालू ठेवण्याऐवजी हाताशी बॅटरी असती तर हे रोज करता आलं असतं. पहिलं इंजिन बंद पडलंच, तर दुसरं सुरू होईपर्यंतची काही मिनिटं बॅटरीने भरून काढली असती. खरं तर आराखड्यात बॅटरीची खोली होती. वजन आणि खर्चाच्या बैठकीत ती गेली, आणि तिथे आता सामानाची कोठी आहे. त्या बैठकीला मी हजर होतो. विरोध केला तो एकदाच, तोही हळू आवाजात. त्याची मला अजून चीड येते.

त्या रात्री अहवालात मी दोन्ही आलेख एकाखाली एक लावले, एकाच मापाच्या अक्षांवर. पुढच्या जहाजाच्या आराखड्यात, इंजिनरूमच्या पुढच्या बल्कहेडला, म्हणजे आडव्या भिंतीला, लागून, ती खोली मी पुन्हा काढली आहे. मंजुरी अजून आलेली नाही. दर सोमवारी विचारतो.