खंजिरी ऐकू येते, शब्द नाहीत

दिवाळीच्या थोडे आधी अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव भरला होता. गुडघ्यांनी साथ न दिल्यामुळे माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, त्या वर्षी जाता आले नाही. म्हणून माझ्या दिराने खंजिरी भजनांचा एक पेन ड्राइव्ह भरून आणला आणि टीव्हीला लावून दिला. मामाजींना थोडे कमी ऐकू येते, त्यामुळे आमच्या टीव्हीचा आवाज एका जुन्या होम थिएटरमधून निघतो. दोन दिवस सारे ठीक चालले. तिसऱ्या दिवशी सकाळी समोरची खोली झाडून मी आत गेले, तोच त्यांची हाक आली, "सूनबाई, खंजिरी तं वाजून राह्यली, पण बोल कुठी गेले?"

मी येऊन ऐकले. खंजिरी होती, टाळ होते, मागे एक पोकळ घुमारा होता, आणि गाणाऱ्याचा आवाज मात्र विहिरीच्या तळातून यावा तसा अस्पष्ट येत होता. दिराने तालुक्याच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर त्याने न पाहताच होम थिएटरचा बोर्ड गेला असे सांगून टाकले. बोर्ड गेला नव्हता. टीव्हीच्या मागे हेडफोनच्या छिद्रात जी पिन बसते, ती झाडताना ओढली गेल्यामुळे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर बाहेर आली होती. अंगठ्याने दाबताच टक् असा आवाज झाला आणि शब्द परत आले.

असे का होते हे मी मामाजींना समजावून सांगितले, आणि येथेही सांगते. गाण्यात गायकाचा आवाज डाव्या आणि उजव्या वाहिनीत अगदी सारखा भरलेला असतो, तर वाद्ये थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे पसरलेली असतात. पिनेच्या बुडाशी असलेले धातूचे कडे ही दोन्ही वाहिन्यांची सामाईक परतीची वाट असते. ती तुटली की स्पीकरपर्यंत दोन वाहिन्यांमधला केवळ फरक पोचतो. जे दोन्हीकडे सारखे असते ते एकमेकांना खोडून टाकते. म्हणून गाणारा नाहीसा होतो आणि खंजिरी उरते. संवाद ऐकू येत नाहीत पण पार्श्वसंगीत येते, अशी तक्रार जिथे असेल तिथे सर्वांत आधी पीन पाहावी.

मी आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड केलेला असल्यामुळे टीव्ही बिघडला की गावातून बोलावणे येते. आजवर जेवढे टीव्ही मी उघडून किंवा न उघडता पाहिले, त्यांतल्या बहुतेकांत दोष टीव्हीत नव्हता आणि जोडलेल्या यंत्रातही नव्हता. तो दोहोंच्या मधल्या जोडणीत होता. ही जोडणी तपासण्याची माझी पद्धत एकच आहे आणि मी ती कटाक्षाने पाळते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा. घाईने वायर, पोर्ट आणि सेटिंग तिन्ही एकदम बदलली, तर चित्र आले तरी ते कशामुळे आले हे कळत नाही, आणि आठ दिवसांनी तोच बिघाड पुन्हा आल्यावर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पावसाळ्यात सर्वांत जास्त येणारी तक्रार म्हणजे चित्राचे चौकोन होऊन गोठणे आणि आवाज तुटक येणे. आमच्याकडे घरोघरी डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत सेवेची छत्री आहे. तिचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून केयू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यात होते. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर असल्यामुळे जोराचा पाऊस त्यांना वाटेतच शोषून घेतो. हा दोष टीव्हीचा नाही हे ओळखण्याची एक खूण आहे: चौकोन पडत असतानाच रिमोटने सेट टॉप बॉक्सचा मेनू उघडावा. मेनूची अक्षरे स्वच्छ आणि स्थिर असतील, तर बॉक्सपासून टीव्हीपर्यंतचा सारा मार्ग धड आहे आणि शोध छत्रीच्या दिशेने घ्यायचा आहे. मेनूच लुकलुकत असेल, पडदा क्षणभर काळा पडत असेल किंवा चित्रावर रंगीत ठिणग्या उडत असतील, तर छत्रीकडे पाहण्याचे कारण नाही. बॉक्समधून चित्र आणि आवाज टीव्हीत नेणारी एचडीएमआयची वायर किंवा तिचे टोक पाहावे. एवढे केले तर शिडी लावून ओल्या कवेलूंवर चढण्याचा धोका अर्ध्याहून अधिक वेळा टळतो.

छत्रीकडचाच दोष ठरला, तर तिच्यासमोर काय आहे ते पाहावे. हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणून आपल्या विदर्भातून छत्रीचे तोंड आग्नेयेला आणि क्षितिजापासून साधारण ६० अंश वर असते. शेजारच्या एका काकाजींकडे उन्हाळ्यात चित्र उत्तम येत असे आणि आषाढ लागला की पाऊस थांबल्यावरही तासभर येत नसे. त्यांच्या अंगणातला कडुनिंब तीन-चार वर्षांत वाढून नेमका त्या रेषेत आला होता आणि ओला पाला लहरी अडवत होता. झाड तोडायचे नाही हे आमचे दोघांचेही मत पडले. छत्री गोठ्याच्या भिंतीवर सरकवली आणि काम झाले.

लाईट जाऊन परत आल्यावर पडदा काळा राहणे हा आमच्याकडचा दुसरा नेहमीचा प्रकार. एचडीएमआयच्या टोकात १९ पिना असतात आणि त्या केवळ चित्र आणि आवाज नेत नाहीत. सुरू होताना टीव्ही बॉक्सला सांगतो की माझा पडदा अमुक आकाराचा आहे आणि मी अमुक प्रकारचा आवाज घेऊ शकतो. त्यानंतर नक्कलविरोधी कुलपाच्या खुणेची देवाणघेवाण होते आणि मग चित्र सुरू होते. लाईट आल्याबरोबर दोन्ही यंत्रे एकदम जागी झाली, तर ही विचारपूस कधी कधी अर्धवट राहते. अशा वेळी दोन्हींचे प्लग काढून दोन मिनिटे थांबावे, आधी टीव्ही लावून तो पूर्ण सुरू होऊ द्यावा आणि मग बॉक्स लावावा. रिमोटने बंद करून चालू करणे पुरेसे होत नाही, कारण रिमोटने बंद केलेले यंत्र पूर्ण बंद झालेले नसते. टीव्हीच्या यूएसबी छिद्रातून वीज घेणारी स्ट्रीमिंग स्टिक वारंवार आपोआप सुरू होत असेल, तर त्याचे कारण आणखी साधे आहे: तिथून अनेकदा अर्धा अँपिअरच मिळतो आणि तो स्टिकला पुरत नाही. तिचा स्वतःचा अडॅप्टर भिंतीवरच्या बोर्डात लावावा.

बातम्यांना आवाज येतो पण ॲपवरच्या चित्रपटाला येत नाही, हे ऐकले की मी यंत्राला हातही लावत नाही. चित्रपटाचा आवाज डॉल्बीच्या बांधलेल्या स्वरूपात येतो आणि पुढचे यंत्र ते बांधलेले गाठोडे सोडवू शकत नाही. ध्वनीच्या सेटिंगमध्ये पीसीएम (म्हणजे न बांधलेला, साधा आवाज) किंवा स्टिरिओ निवडले की आवाज येतो.

जुनी पिवळ्या-पांढऱ्या-लाल टोकांची वायर नव्या टीव्हीला लावताना चित्र काळे-पांढरे आले, तर रंग गेला असे समजू नये. उजळपणा आणि रंग वेगवेगळ्या वायरींतून नेणारी कॉम्पोनंट नावाची एक जोडणी असते, आणि अनेक टीव्हींत पिवळ्याचे छिद्र आणि कॉम्पोनंटचे हिरवे छिद्र एकच असते. सोर्समध्ये कॉम्पोनंट निवडले गेले की टीव्ही पिवळ्या वायरमधून केवळ उजळपणा वाचतो. सोर्स बदलून एव्ही करावा. जिथे एकच लहान छिद्र असते, तिथे त्या चार कड्यांच्या पिनेतला क्रम सर्व कंपन्यांचा सारखा नसतो, म्हणून चित्राची वायर आवाजाच्या जागी जाऊन स्पीकरमधून भुणभुण येऊ शकते. तीन टोके आपसांत बदलून पाहण्यात काही धोका नाही.

ब्लूटूथ स्पीकरवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, याविषयी एक गोष्ट मला फार आवडते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला कळू लागते, पण उशिरा आला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. याचे कारण आपल्या रोजच्या अनुभवात असावे असे मला वाटते: वावराच्या पलीकडच्या धुऱ्यावर कोणी लाकूड फोडत असेल, तर कुऱ्हाड आधी पडलेली दिसते आणि आवाज मागून येतो, उलट कधीच घडत नाही. पण ब्लूटूथचा उशीर पुष्कळदा या मर्यादेपलीकडे जातो. बातम्यांसाठी वायरच लावावी. चित्रपटासाठी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जुळवणीची सोय असेल, तर ती वापरावी.

आता घूं-घूं आवाजाबद्दल, कारण तो आमच्या घरचाच आहे आणि मला त्याची काळजीही वाटली होती. मामाजींच्या होम थिएटरमधून सेट टॉप बॉक्स लावला की एकसुरी गुणगुण येत असे, आणि भजनाच्या दोन कडव्यांमध्ये ती स्पष्ट ऐकू येई. आवाज कमी केला तरी ती कमी होत नव्हती, म्हणजे ती कार्यक्रमातून येत नव्हती. मी बॉक्स बंद करून छत्रीची वायर काढली आणि बॉक्स पुन्हा लावला, गुणगुण गेली. छत्रीचा लोखंडी पाइप अंगणात गाडलेला आहे, तिच्या वायरीची बाहेरची जाळी बॉक्सला जमिनीशी जोडते, आणि होम थिएटर दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर होते. दोन ठिकाणच्या जमिनीत थोडा जरी विजेचा फरक असला, तरी आवाजाच्या वायरीतून सेकंदाला ५० झोके घेणारा प्रवाह वाहू लागतो आणि तोच ऐकू येतो. सारे प्लग एका बोर्डावर आणल्यावर गुणगुण निम्म्याने कमी झाली.

पण छत्रीची वायर काढलेली असताना बॉक्सच्या पत्र्याला बोट लावले, तर झिणझिण्या येत होत्या. तो आवाजाचा प्रश्न राहिला नव्हता. गुणगुण घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची मोठी पीन तोडण्याचा सल्ला काही जण देतात. तो कोणीही मानू नये, कारण जीव वाचवणारी वाट तीच असते. मी वायरमनला बोलावले. मीटरपासून जमिनीत जाणारी अर्थिंगची तार गंजून मातीच्या वर वीतभर अंतरावर तुटलेली निघाली, आणि ती किती वर्षांपासून तशी होती हे घरात कोणालाच सांगता आले नाही. न्हाणीच्या मागे नवा खड्डा खोदला, पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरले आणि बोर्डापर्यंत नवी तार ओढली. त्या संध्याकाळी गुणगुण पूर्ण थांबली आणि झिणझिण्याही थांबल्या. माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होते असे वायरमनने सांगितल्यापासून, मार्च लागला की मामाजी दर रविवारी सकाळी स्वतः त्या पाइपात एक बादली पाणी ओततात.