दीड फुटी मका आणि आखडता हात

गेल्या खरिपात एक एकर मका नेहमीसारखा अडीच फुटी, म्हणजे दोन ओळींत अडीच फूट अंतर ठेवून लावला आणि शेजारचा एक एकर दीड फुटी. दीड फुटीत दोन रोपांतलं अंतर वाढवून फूटभर ठेवलं, त्यामुळे रोपांची संख्या फार वाढली नाही. पिकानं जमीन लवकर झाकावी, खुरपणीचा एक फेरा वाचावा, एवढाच हेतू. तो फेरा वाचला. पण ऑगस्टअखेर दीड फुटीतली झाडं माना टाकायला लागली.

2018 ला लष्करी अळी आली तेव्हापासून आमच्या सिल्लोडकडे मक्यात शिरलं की नजर आधी पोंग्यात, शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत जाते. मीही पोंगेच बघत होते आणि पोंगे चांगले होते. शेवटी एक सुकलेलं झाड धरून ओढलं, तर कांदा उपटावा तसं हातात आलं. मुळं उरलीच नव्हती. खुरप्यानं उकरलं तर वीतभर खाली चंद्रकोरीसारखी वाकलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची हुमणी, मुळं खाणारी अळी.

अडीच फुटीतही हुमणी होती, पण तुरळक. दोन्हीकडे बी एकच, आणि मेटारायझियम ही हुमणी मारणारी बुरशीही एकरी चार किलोच, दोनशे किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत टाकलेली. दीर म्हणाले, बांधावरचा कडुनिंब दीड फुटीला लागून आहे, म्हणून. त्यांचं चूक नाही. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर पाला खायला बसतात आणि माद्या आसपासच्या मातीत अंडी घालतात. पण मला पेरणीचा दिवस आठवत होता. मजुरीला आलेल्या मावशी म्हणाल्या होत्या, "ताई, खत संपत आलं, तासं राहिलीत अजून." मी म्हटलं, "हात आखडता घ्या, पुरवा." त्यांनी पुरवलं.

त्या रात्री वहीत हिशेब मांडला. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. अडीच फुटी लावलं तर एकरात 17,424 फूट ओळ बसते, दीड फुटी लावलं तर 29,040 फूट. तेच दोनशे किलो खत एकीकडे फुटाला साडेअकरा ग्रॅम पडलं, दुसरीकडे सात ग्रॅमही नाही. पुडे मोजून दिले म्हणून मी निर्धास्त होते, आणि मुळापाशी माल साठ टक्केच पोचला होता.

अमेरिकेत मक्याच्या दाणेदार कीटकनाशकांची मात्रा लेबलवर हजार फूट ओळीमागे दिलेली असते. आपल्याकडे दुकानात सगळं एकरी. ओळी जवळ घेताना फुटाला किती पडेल, हा प्रश्न कुणी विचारत नाही, मीही विचारला नव्हता.

मात्र हे त्रैराशिक जैविक बुरशीपुरतंच. रासायनिक दाणेदार औषध लेबलवरच्या एकरी मात्रेपुढे वाढवायचं नाही, ओळी कितीही असोत. सासरे फोरेट मुठीनं फेकायचे, हातमोजे नाहीत, काही नाही. त्या फोरेटवर 2020 च्या डिसेंबरअखेर बंदी आली ते बरंच झालं. बीजप्रक्रियेला मात्र अंतराची अडचण नाही, औषध प्रत्येक दाण्याला चिकटूनच जातं.

बुरशी काम करते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अडीच फुटीत उकरताना एक हुमणी सापडली, खडूसारखी कडक, अंगावर शेवाळी हिरवी भुकटी. मेटारायझियमनं मेलेली अळी अशीच दिसते. पण ती बुरशी अळी लहान असताना, जून-जुलैच्या ओलीत मुळाशी हवी. ऑगस्टमध्ये धावपळ करून माझ्या हाती काही लागलं नाही. अळ्या वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकल्या, तेवढंच.

यंदाही एक एकर दीड फुटीच लावतेय. त्याला पावणेसात किलो मेटारायझियम आणि सव्वातीनशे किलो शेणखत काढून ठेवलंय. मावशींना सांगितलंय, संपलं तर थांबा, मला हाक मारा.

काल पहिला पाऊस झाला. आज संध्याकाळी साडेसातला कडुनिंबाखाली ताडपत्री अंथरून दीर फांद्या हलवणार आहेत, मी बादली घेऊन उभी राहणार आहे.