माठातलं पाणी

आज भाचीला घेऊन नागपूरहून परतले. यवतमाळच्या पुढची शेवटची एसटी. अर्ध्या वाटेत ती हळूच म्हणाली, “मावशी, परवा राती मनात लय आलं वं. पन म्या माठातल्या पान्यात तोंड बुडवलं, श्वास धरला. उतरलं मंग.”

माझे डोळे भरून आले. दोन वर्षांपूर्वी अशा रात्रीनंतर तिच्या हातावर ताज्या जखमा असायच्या.

नागपूरला तिच्यावर चालू असलेला उपचार म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, डीबीटी; भावनांचा उद्रेक सांभाळायची कौशल्यं शिकवणारी मानसोपचाराची एक पद्धत. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहान यांनी तो उभा केला. स्वतःला इजा करणाऱ्या स्त्रियांवरची त्याची पहिली चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. त्याचं सूत्र असं: तू आहेस तशी मान्य, आणि तरी बदल शक्य, दोन्ही एकदम. गार पाण्यात श्वास रोखला की हृदयाची धडधड मंदावते, म्हणून लाट ओसरते. (हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.)

पण पूर्ण डीबीटी म्हणजे दर आठवड्याला भेट, वेगळा गटवर्ग, अडल्या क्षणी फोन, तेही साधारण वर्षभर. आम्हाला मिळते ती महिन्यातून एक भेट. वेचणीच्या दिवसांत ताईची रोजीही बुडते. आणि भाऊजींच्या डोक्यावरचं कर्ज कुठल्या कौशल्यानं फिटणार? घरातला तो ताण पोरीलाच झेलावा लागतो, याचा मला फार राग येतो.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ताईनं दारामागे खडूनं लिहून ठेवलाय. रेंज मात्र स्लॅबवर चढल्याशिवाय येत नाही.