समुद्र सांडू नये म्हणून

"ताई, फोटो सरळ करायला कुठलं ॲप वापरता?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो. सोबत बहुतेक वेळा एक फोटोही असतो. काशिदचा नाहीतर गणपतीपुळ्याचा, पुढे माणसं छान हसतायत आणि मागे अख्खा समुद्र एका बाजूला ओघळून चाललाय. मी ॲपचं नाव सांगते, समोरून 'थँक्यू' येतं, आणि पुढच्या सुट्टीनंतर तसाच फोटो पुन्हा येतो. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी जरा सविस्तर सांगते.

आधी माझंच पाप कबूल करते. माझा समुद्र वर्षानुवर्षं डावीकडे सांडतो. कारण कळायला बराच वेळ लागला. शटर दाबताना कॅमेऱ्याची उजवी बाजू किंचित खाली जाते, आणि फोटोत क्षितिज उजवीकडे वर चढतं. त्यात वाळूला उतार. एक पाय वर, एक खाली असला की आपण स्वतःच कलून उभे असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. माझा कल साधारण एक अंशाचा. एक अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण माझ्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० पिक्सेल रुंद आहे, आणि तेवढ्या रुंदीत एका अंशाने क्षितिजाचं एक टोक दुसऱ्यापेक्षा शंभरावर पिक्सेल उंच जातं. डोंगराच्या फोटोत ते खपून जातं. समुद्र मात्र लगेच चुगली करतो.

सरळ करायचं काम तसं दोन मिनिटांचं. क्रॉप उघडायचं, त्यातलं सरळ करायचं टूल घ्यायचं, क्षितिजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढायची. फोटो फिरतो. झालं.

झालं, पण फुकट नाही झालं. चौकटीत कागद तिरका बसवला की कडेला त्रिकोणी फटी उरतात. त्या घालवायच्या तर चारही कडा कापाव्या लागतात. कॅमेऱ्याच्या नेहमीच्या तीनास दोन आकाराच्या फोटोत, आकार तोच ठेवून एक अंश फिरवलं की सुमारे ५ टक्के फोटो जातो. दोन अंशांना जवळजवळ १० टक्के. पाच अंशांना पाचव्या हिश्शाहून जास्त.

हा हिशोब मला मुरुडला शिकायला मिळाला. आम्ही चौदा जण, मागे समुद्रात पद्मदुर्ग, आणि कॅमेरा गाडीच्या बॉनेटवर ठेवून टायमर लावलेला. वाळूत रुतलेल्या गाडीचं बॉनेट ते, फोटो तीन अंश कलला. घरी येऊन सरळ केला तर दोन्ही बाजूंचे दोनशेवर पिक्सेल गेले, आणि डाव्या टोकाला उभी असलेली थोरली मावशी खांद्यापासून कापली गेली. आमच्या घरात मावशीला कापणं शक्य नाही. मग फोटोशॉप. त्यात फिरवल्यावर उरलेल्या रिकाम्या फटी आजूबाजूचं बघून भरून देण्याची सोय आहे. आकाश आणि वाळू त्याने झकास भरली. मावशीच्या शेजारी मात्र त्याला जांभळी साडी दिसली, आणि त्याने मावशीला दुसरा पदर दिला. तो पदर पुसून तिथे वाळू बसवण्यात माझी एक संध्याकाळ गेली. छापून फोटो दिला, तर मावशीने चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाली, "माझे डोळे मिटलेत गं."

तेव्हापासून ग्रुप फोटो काढताना दोन पावलं मागे जाते. कडेला वितभर वाळू मोकळी सोडली की नंतर कुणाचा खांदा जात नाही.

आता खरी गोम. फोटो फिरवतं सॉफ्टवेअर, पण कुठल्या रेघेवर विश्वास ठेवायचा हे आपल्यालाच ठरवावं लागतं. उघड्या समुद्राचं क्षितिज प्रामाणिक. तळ्याचा काठ नाही. पवनेच्या पाण्यापलीकडे तुंग किल्ला दिसतो, त्याचा एक फोटो मी ऑटोवर, म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप सरळ करण्यावर, सोडला. समोरचा काठ आपल्यापासून तिरका लांब जात असेल तर त्याची जवळची बाजू फोटोत खाली आणि लांबची वर दिसते, म्हणजे कॅमेरा सरळ असला तरी काठ तिरका येणारच. ऑटोने तो काठच आडवा केला, आणि आधीच सुळक्यासारखा असलेला तुंग पडायला आल्यासारखा दिसू लागला. पुढच्या तंबूंचे बांबूही त्याच बाजूला कललेले. पाणी शांत असेल तर अशा वेळी प्रतिबिंब बघायचं. माथा आणि पाण्यातला माथा एकाखाली एक आले पाहिजेत. गवंडी ओळंबा सोडतो ना, तसा हा पाण्याने सोडलेला ओळंबा समजा. प्रतिबिंब नसेल तर फोटोच्या मध्यावरचा एखादा खांब किंवा दीपमाळ धरा. सह्याद्रीच्या कातळातले आडवे थर धरायचा मोह होतो, पण कडा तिरका लांब जात असेल तर तेही काठासारखेच फसवतात.

वाइड लेन्सची आणखी एक खोड असते. क्षितिज चौकटीत बरंच वर ठेवलं की ते कमानीसारखं फुगतं. एकाने मला तसा फोटो 'पृथ्वीची गोलाई' म्हणून पाठवला होता. वाळूवर उभं राहून दिसणारं क्षितिज जेमतेम साडेचार-पाच किलोमीटरवर असतं. गोलाई पृथ्वीची नव्हती, लेन्सची होती. आधी लेन्स करेक्शन, म्हणजे लेन्समुळे आलेला बाक काढायची सोय, लावायचं आणि मगच सरळ करायचं. उलट केलं तर रेघ नेमकी कुठे धरायची तेच कळत नाही.

आणि कृपा करून फोन, मग वॉट्सॲप, मग आणखी कुठे, असं थोडं थोडं फिरवत बसू नका. अर्ध्या-एका अंशाने फिरवलं तरी प्रत्येक पिक्सेल नव्याने मांडावा लागतो, आणि प्रत्येक फेरीत फोटो थोडा मऊ पडतो. मूळ फोटो ठेवा, फिरवायचं ते एकदाच. मुद्दाम तिरका हवा असेल तर खुशाल चांगला वीस अंश तिरका ठेवा, बघणाऱ्याला कळू दे. एक अंश तिरका ठेवून 'तशी स्टाइल आहे' म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

हां, ॲप. लॅपटॉपवर मी लाइटरूम वापरते. पैसे द्यायचे नसतील तर डार्कटेबल किंवा गिंप घ्या, दोन्हींत रेघ ओढून सरळ करता येतं. फोनवर स्नॅपसीड, पण त्यात रोटेट उघडलं की ते न विचारता स्वतःच्या मनाने थोडं फिरवून ठेवतं. बरोबरची खूण दाबण्याआधी कडेला कोण उभं आहे ते बघून घ्या.