जत्रेच्या गल्लीत टोंगा

सांगलीहून तासगावमार्गे विट्याची एसटी धरली. तासगावपर्यंत खिडकीबाहेर द्राक्षबागा होत्या, मग हळूहळू माळ सुरू झाला. विट्याहून पुढं वडाप. जीपमध्ये चौदा माणसं, एक कोंबडं आणि दाराला अर्धा लोंबकळणारा मी.

मी एफवायला स्थूल अर्थशास्त्र शिकवतो. छोट्या बेटांच्या देशांवरचं प्रकरण आलं की वर्ग हमखास पेंगतो, आणि पोरांचा दोष नाही. पॅसिफिकमधलं टोंगा त्यांना कशाला जवळचं वाटेल? यंदा मात्र मागच्या बाकावरचा एक जण तास संपल्यावर आला. "सर, हे तर आमच्या गावाचंच लिवलंय. जत्रेला या, दावतो."

गल्लीच्या तोंडाशीच अडलो. बैलगाडी जेमतेम जाईल अशा वाटेत ओळीनं चारचाक्या. नंबरप्लेटा टीएन, केएल, यूपी. एमएच शोधावी लागत होती. दोन पोरं पायरीवर तमिळमध्ये भांडत होती. आजीनं दिलेला दम मात्र अस्सल खानापूर तालुक्यातला.

हा सगळा गलाईचा पैसा. जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवायचं, तेजाबानं शुद्ध करायचं. पाऊस दगा देतो म्हणून या भागातली माणसं देशभरच्या सराफ बाजारांत पांगली. पोराचे आजोबा, तात्या, कोईमतूरला एकतीस वर्षं होते. अंगठ्यापाशी तेजाबानं भाजल्याची पांढरी खूण अजून आहे. जेवताना त्यांनी समोरच्या मंदिरावरची देणगीदारांची फरशी दाखवली. नावं सगळी गावची आणि नावापुढं शहरं: मदुराई, विजयवाडा, कानपूर, कोलकाता.

जेफ्री बर्ट्राम आणि रे वॉटर्स या दोन अभ्यासकांनी १९८५ साली पॅसिफिकच्या बेटांसाठी एक नाव काढलं होतं, मिराब. स्थलांतर, घरी पाठवलेला पैसा, परदेशी मदत आणि सरकारी नोकऱ्या या चार खांबांवर उभी अर्थव्यवस्था, त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. टोंगात नातलगांकडून येणारा पैसा जीडीपीच्या, म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या वस्तू-सेवांच्या किमतीच्या, एक तृतीयांशाहून जास्त भरतो. गंमत अशी की तो जीडीपीत धरलाच जात नाही. तुलनेसाठी शेजारी मांडतात, एवढंच. ऑकलंडमध्ये राबलेल्या टोंगनचे कष्ट न्यूझीलंडच्या जीडीपीत जातात, जसे तात्यांचे तमिळनाडूच्या खात्यावर गेले. परीक्षेत निम्मा वर्ग इथंच चुकतो. गल्लीतला संगमरवरी जिन्याचा दुमजली बंगला, वर्षातले अकरा महिने कुलूपबंद, बघून एकही चुकला नसता.

दुपारी किराणा दुकानात बसलो. दुकानदाराशी बोलता बोलता वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. बाहेरून १०० रुपये आले. तेल, साबण, बिस्किटं, सिमेंट, फरशी, मोबाईल, सगळं बाहेरचं. समजा ८० पहिल्याच फेरीत गावाबाहेर गेले. उरलेले २० फिरले, त्यातून पुढच्याला ४, मग ८० पैसे. सगळं मिळून गावात १०० चे १२५ होतात. गळती ३० ची असती तर ३३३ झाले असते. छोट्या बेटाचं दुखणं हेच. बाजार इतका लहान की कारखाना परवडत नाही, म्हणून वस्तू बाहेरून, म्हणून पैसा आला त्याच बोटीनं परत. दुकानदार वही बघून म्हणाला, "बोट न्हाई सर, टेम्पो. मंगळवारी येतो."

एका ठिकाणी मात्र माझी तुलना फसली. २०२० साली टाळेबंदीत असा पैसा जगभर आटेल, असा जाणकारांचा अंदाज होता. टोंगात तो उलट वाढला, कारण माणसं तिकडंच होती आणि घरची काळजी म्हणून पाठवत राहिली. इथं सराफ बाजार बंद पडले आणि माणसंच घरी आली. "पैसा यायचा थांबला आनि खायाला चार तोंडं वाढली," पोराच्या काकी म्हणाल्या. त्यांच्या थोरल्यानं तेव्हा पडीक माळावर डाळिंब लावलं. कराडजवळून कृष्णेचं पाणी उचलून आणणारी टेंभू योजना त्या शिवारात पोचलेली होती, म्हणून ते जगलं. आता तो कोईमतूरला परत जायचं नाव काढत नाही. मजूर मिळत नाहीत ही त्याची तक्रार. गुंठ्याचा भाव विचारला तर नुसता हसला. जत्रेला आलेला प्रत्येक जण जमीनच विचारतो म्हणे.

संध्याकाळी पालखी निघेपर्यंत तात्यांना टोंगाबद्दल सांगत बसलो. दीडशेवर बेटं, घरटी कुणीतरी परदेशात, सणाला सगळे परत. ते मन लावून ऐकत होते.

"तितं सोन्याची दुकानं हायती का?"

"असतील की थोडीफार."

"मानसं किती?"

"लाखभर."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हंजी विट्यासारकी दोन गावं. आनि ती बी दीडशे बेटांत वाटल्याली." पानाची पिंक टाकायला ते पायरीवरून उठले. "न्हाई परवडायची भट्टी."